करंटचं बटन माझ्या हाती होतं

ये, अशी जवळ सरक. अन् कानातल्या त्या वायरी काढ आधी. आजीनं चार पानं लिहिली तर तू ती बसमध्ये उभ्या उभ्या वाचशील, मले माहीत आहे. दिवाळीलेही आली नाही. पुण्याच्या कंपनीत दिवाळी नसते काय माय? फोन केला की "आजी, जेवली का?" एवढं विचारते अन् ठेवून देते. म्हणून लिहून राह्यली. शाळेत गेली नाही मी, तुझ्याच पुस्तकातून अक्षरं शिकली. कुठं चुकलं तर हसू नको.

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणाली, "माझ्यातच दम नव्हता आजी, नाही तर आज पोलिसात असती मी." दम होता पोरी. तेच सांगायचं आहे.

कबड्डीत तुझा गुडघा गेला, आतली लिगामेंट तुटली, यवतमाळले ऑपरेशन झालं. टाके सुकले, पण मांडी अशी वाळली की सलवार एका बाजूनं लोंबायची. थेरपीवाल्या मॅडमनं मांडी पुन्हा भरायले करंटची मशीन घरी दिली. पानाच्या डब्याएवढी. मांडीवर चार चिकट पट्ट्या, त्याले वायरी, अन् एक गोल बटन. मॅडम मले म्हणाली, "आजी, ही पाय सरळ ठेवून पडेल, बटन तुम्ही फिरवायचं. मांडी दगडासारखी कडक झाली पाहिजे, गुडघ्याची वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे. थोडं दुखेल, घाबरायचं नाही." अन् तुले म्हणाली, "करंट आला की तूही आपला जोर लावायचा." तुझी आई सकाळीच अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाई, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी मॅडमनं सांगितल्या आकड्यापर्यंत बटन नेलं. तुझी मांडी आपोआप उडाली, ताठ झाली, तू ओठ चावला. मी बटन तिथूनच मागं ओढलं.

तुले आठवत नसेल, तू तिसरीत होती. तुझा बाप वावरातल्या मोटरीच्या पेटीले चिकटला, तेव्हा त्याच्यापाशी पहिली मी पोचली. कोरडं लाकूड शोधून आणेपर्यंत त्याचे पाय तसेच उडून राह्यलते. मग थांबले. हे मी तुझ्या आईलेही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुंग्या येतील तिथपर्यंतच बटन नेई मी. तू डोळे मिटून पडायची, ओठातल्या ओठात पोलीस भरतीचे प्रश्न पाठ करायची.

"आजी, आज तर काहीच दुखलं नाही!"

"सवय झाली तुले."

"मग वाढव न."

"वाढवलं की. तू जोर लाव."

अन् तू लावायची बिचारी, कपाळावर घाम येईस्तोवर.

महिन्यानं मॅडमनं टेप घेऊन मांडी मोजली. पुन्हा मोजली. "काहीच भरली नाही. आजी, किती आकड्यावर ठेवता?"

मी तिनंच दिलेला आकडा धडाधड सांगितला. मॅडम तुझ्याकडे वळली. "मग तूच अंगचोरी करतेस. मोबाईल पाहत पडत असशील. असं करून कोणी भरती होतं का?"

तू माझ्याकडे पाह्यलं. "आजी, सांग न मॅडमले, मी लावतो ना जोर?" लहानपणापासून रडायले आली की तू पोरासारखं 'लावतो, करतो' बोलते.

"लावते हो, लावते," मी म्हणाली. एवढंच.

परत येताना राळेगावच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसली होती. आपलं गाव यायच्या जरा आधी म्हणाली, "उद्यापासून अजून जोर लावीन." त्यानंतर तरी मी बटन वर न्यायचं होतं ना? रोज हात जाई, अन् मुंग्यांपाशीच थांबे. पुढं मशीन परत द्यायचा दिवस आला, दिली.

भरतीच्या मैदानावर धावताना तू अर्ध्यातच गुडघा धरून बसली. मी जाळीच्या बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तू लंगडत आली, बाटली घेतली, अन् मलेच म्हणाली, "रडू नको आजी, माझीच चूक आहे."

परवा मी एकटीच बसनं गेली अन् मॅडमले सगळं सांगून आली. तिनं तुझा जुना कागद काढून पाह्यला. मग म्हणाली, "मी त्या पोरीला उगाच बोलले." पाय पाहायले तुले घेऊन या म्हणाली, उशीर झाला पण मांडी अजूनही थोडी भरू शकते म्हणे. भरतीचं तिनं काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

आता तुले राग येईल. येऊ दे. पण फोन बंद करून नको बसू. इथं ये, माझ्यासमोर पाय पसरून बस, अन् काय बोलायचं ते तोंडावर बोल. मी उठून जाणार नाही. दोन दिवसांची सुट्टी मिळाली तरी ये. लवकर ये माय.