शेजारची जागा

बेल्ह्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली. आईने खिडकीतून माझी पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "वर्गात कुणाच्या बी शेजारी बस, बये. पन एकटी बसू नको." आमच्या धनगरवस्तीवरून अकरावीला पुण्याला जाणारी मी पहिली मुलगी.

आई तसं म्हणाली, त्याचं कारण चौथीतलं होतं. घरी मेंढरं होती. माझ्या कपड्यांना, दप्तराला त्यांचा वास यायचा. गावच्या शाळेत माझ्या शेजारी कापडदुकानवाल्या शेठची वर्षा बसायची. जोड्या गुरुजींनी लावलेल्या, आणि नियमही त्यांचाच: चाचणीत जोडीतल्या जिला कमी गुण पडतील, तिचेच गुण दोघींना मिळायचे. त्यामुळे वर्षाला मला भागाकार शिकवावाच लागे. पाठांतर तिचं पक्कं, पण प्रश्न फिरवून विचारला की ती अडायची. मग मी तिला तेच गणित मेंढरांच्या कळपात मांडून दाखवायची.

एकदा शेठ वर्गाच्या दारात आले. "गुरुजी, पोरीला वास सहन व्हत नाय. जागा बदला तिची."

"शेठ, दुकानात घोंगड्यांची चळत लावलीय तुमी. तिथं बरा वास येत न्हाई?" गुरुजी म्हणाले.

वर्ग हसला. ओशाळून शेठही हसले. जागा बदलली नाही. दिवाळीनंतर वर्षाच्या डब्यात दोघींपुरत्या पुऱ्या येऊ लागल्या.

आज शेठची नातवंडं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. गावच्या शाळेत उरली ती बहुतेक वस्तीवरची मुलं. जे गावात राहिले, त्यांना हे रोज दिसतं. गाव सोडून गेलेल्यांनी काय केलं, ते मी माझ्यापुरतं सांगते.

माझी मुलगी इरा पुण्यात तिसरीत आहे. तिच्या शेजारी नंदिनी बसायची. नंदिनीची आई आमच्याच सोसायटीत धुणीभांडी करते. नंदिनी अडखळत वाचायची, इरा तिला वाचून दाखवत बसायची आणि स्वतःचं लिहायचं राहायचं. मी शाळेला मेल केला. दुसऱ्या दिवशी इराची जागा बदलली. आठवड्याभरात आणखी दोन पालकांनी तेच केलं, कारण नंदिनीशेजारी आता एकीमागून एक त्यांच्या मुली आल्या होत्या.

सुट्टीत बेल्ह्याला गेले तेव्हा आईला हे सांगितलं. ती कोकरांना पाला टाकत होती.

"काय लिवलंस? वास येतो म्हनून?"

"नाही गं. मुलीच्या प्रगतीच्या दृष्टीने, असं लिहिलं."

"म्हंजे त्येच की."

मी तिथूनच दुसरा मेल पाठवला: इराला पूर्वीच्या जागी बसवावं. उत्तर आलं की बैठकव्यवस्था आता सत्र संपेपर्यंत बदलता येणार नाही.

गाव कुठलं, असं कुणी विचारलं की मी बेल्हे सांगते. घर म्हटलं की मात्र मला चौथीच्या वर्गातली ती बसकरपट्टी आठवते. तिथली माझ्या शेजारची जागा शेठने सांगूनही रिकामी झाली नव्हती.

नंदिनी शेवटच्या बाकावर बसते, असं इरा सांगते. एकटी.