शकिलाआपांच्या ओट्यावर

कारंज्यात आमची ख्रिस्ती मंडळी लहान, सात-आठ घरांची. पाळक महिन्यातून एकदा येतात, एरवी रविवारी बायबलमधलं वचन समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. त्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, माझी मैत्रीण तिच्या आजारी आईसाठी रोज नमाज पढते. तिचं आपला स्वर्गातला बाप ऐकत असन का?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "नाही. तिथं ऐकणारं कोणी नाही." तिचे डोळे भरून आले आणि ती चप्पल घालून निघून गेली. उत्तर शास्त्राला धरून आहे, अशी मी माझी समजूत घातली. पण चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी मी पत्नीला, सुलोचनाला, वाशिमच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो. तीन वर्षांपासून तिची आठवण हळूहळू पुसत चालली आहे. मंगरूळपीरला गाडी बदलायची होती. तिला बाकावर बसवून मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. दोन मिनिटंही झाली नसतील. वळून पाहतो तर बाक रिकामा.

पुढचे दोन तास मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. स्टँडचा कानाकोपरा पाहिला, पोलिसांना सांगून आलो. एका पानवाल्यानं दर्ग्याकडच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, म्हणून त्या बाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तहान लागली तर पाणी मागता येत नाही. एका निळ्या दाराच्या घरापुढच्या ओट्यावर मी मटकन बसलो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना प्रार्थना शिकवली, पण त्या वेळी एवढेच शब्द सुचले, "प्रभू येशू, आता माझ्यानं होत नाही. तूच पाहा."

आणि दाराआडून तिचा आवाज आला. ती येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत होती, लहान मूल पाठ म्हणतं तशी, मध्येच अडखळत, "बापा, बापा" करत.

मी दार लोटलं. आत सुलोचना चटईवर बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. शेजारी साधारण तिच्याच वयाची एक बाई होती. शकिलाआपा. सुलोचनानं वर पाहिलं आणि हसून म्हणाली, "दादा, आला का तू?" दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तो जाऊन वीस वर्षं झाली. "आलो गं," मी म्हणालो आणि तिच्यापाशी बसून रडलो.

"बाई सरळ आत आल्या अन् म्हने, आई कुठं हाय?" आपा सांगू लागल्या. "मी म्हटलं, बसा, येतेच आई. आमचे मालक तुमाले शोधाले स्टँडवर गेले. मंग मी नमाज पढली, दुवा मागतली. म्हटलं, या अल्ला, हिचं जे कोणी असन त्याले माह्या दारातच आणून बसव."

मी वळून दाराबाहेर पाहिलं. ओट्यावर माझी पिशवी अजून तशीच पडली होती.

चहा ओतताना त्यांनी विचारलं, "भाऊ, एक इचारू? बाई कवाच्या बापाले हाका मारून राह्यल्या. तुमचा देव अन् आमचा अल्ला एकच हाय का?"

याचं उत्तर मी कितीतरी उपदेशांत दिलं होतं. त्या खोलीत मात्र ते मी बाजूला ठेवलं. "आपा," मी म्हणालो, "मले बाप येशूत भेटला. दुसरी वाट मले ठाव नाही, अन् खोटं बोलता येत नाही. पन मी ज्याच्यापाशी रडलो, त्यानंच मले तुमच्या दारात बसवलं. तुमी तेच मागितलं होतं. याच्यापुढचं मले समजत नाही."

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "चहा थंडा होते."

डॉक्टरांची वेळ टळून गेली होती, म्हणून आम्ही कारंज्याची गाडी धरली. निरोप देताना आपांनी सुलोचनाचा पदर नीट केला. पुढच्या रविवारी मी त्या मुलीची माफी मागितली. म्हणालो, "पोरी, मी उत्तर द्यायची घाई केली. तुझ्या मैत्रिणीच्या आईसाठी आपणही प्रार्थना करू."

येशूवाचून माझा आधार नाही, हे मी आजही तितक्याच विश्वासानं सांगतो. पण तो कोणाचं ऐकतो आणि कोणाचं नाही, याची राखण करायला त्यानं मला बसवलेलं नाही, एवढं मला त्या दुपारी कळलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत सुलोचना माझ्या खांद्यावर डोकं टेकून मला पुन्हा पुन्हा दादा म्हणत होती. दरवेळी मी ओ देत होतो. आधी माझं खरं नाव घे, मग बोलेन, असं माझ्या मनातही आलं नाही. माझ्यासारख्या उण्या माणसाच्या प्रेमाला एवढं जमतं, तर बापाचं प्रेम केवढं असेल! आणि त्याचं नाव मला तरी पुरतं कुठं ठाऊक आहे?

मी मनातल्या मनात आपांसाठी प्रार्थना केली, त्यांच्या मालकांसाठीही केली. सुलोचनानं डोळे उघडले.

"दादा, आपण घरीच चाललो ना?"

"हो," मी म्हणालो, "घरीच."