पुढचे दोन नुसते बघ

गाईंच्या तारेच्या कुंपणाला झटका देणारा डबा असतो. त्यात नखाएवढी चिप. तिनं काय करायचं ते हुकूम माझा मुलगा लिहायचा, इथं परदेशात, टाकानिनी गावात घरी बसून. मी दुसरी शिकलेली, तरी मला सगळं सांगायचा. नवऱ्यामागं भांडी घासून शिकवला त्याला, म्हणून असेल.

एकदा चिपमधली जागा संपली. मी मटार सोलत होते, त्यातलेच दाणे त्यानं ओळीत मांडले. म्हणाला, हे दोन हुकूम ओलांडून पलीकडं उडी मारायचीय, पण उडीलाच दोन दाण्यांची जागा लागते आणि माझ्याकडं एकाचीच आहे. मग त्या दोन दाण्यांच्या आधी त्यानं एकच दाणा ठेवला.

"हा सांगतो, पुढचे दोन नुसते बघ, करू नको, पुढं चल. दुसऱ्या वाटेनं आलेला मात्र ते दोन करतो."

"म्हणजे तुझ्या बापासारखा," मी म्हटलं. "काम बघायचं आणि पुढं चालायचं."

लई हसला. वहीत लिहिलं ते, पानाला हिरवा डाग पडला.

इथं जूनमध्ये थंडी असते, त्या थंडीत तो गेला. छातीत कळ आली, खुर्चीतच. सून नर्स, ती ड्यूटीवर. ॲम्ब्युलन्सवाल्यांना घरचा पत्ता सांगायलाही मला येईना.

महिन्यानं त्याचा साहेब आला. नव्या माणसानं एक हुकूम बिनकामाचा समजून काढला होता, आता डबा झटकाच देईना. सुनेला त्यातलं काही कळेना. मी वही आणली, डागाचं पान काढलं. राजमा मांडून दाखवला, तो एक दाणा काढला, परत ठेवला. सून इंग्लिशमध्ये सांगत गेली. साहेबानं पानाचा फोटो घेतला.

"त्याला सांग," मी सुनेला म्हटलं, "तो काढू नका. त्याचं एवढंच उरलंय."

उन्हाळ्यात सुनेनं जेवताना सांगितलं, साहेबाचा फोन आला होता. नव्या डब्यात मोठी चिप घालणार, तिच्यात जागाच जागा. सगळं नव्यानं लिहिलंय.

जुन्या डब्यांचं काय, मी विचारलं.

बंद पडेपर्यंत चालतील, म्हणाली. भात वाढला.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक पॅडक, म्हणजे गाईंचं कुरण, उरलंय. तिथं खांबावर त्याचा डबा आहे, टिक टिक करतो. रोज सकाळी जाऊन ऐकून येते. परवा आत नव्या घरांसाठी खुंट ठोकलेत.

आज वाजत होता.