आमच्या चुलीपुढचे किस्से

कडक भाकरीचा धंदा करणाऱ्या घरात दोन गोष्टी रोज साचतात, राख आणि किस्से. राखेनं निदान भांडी तरी घासता येतात. किस्से नुसतेच साठतात! आता सांगताना मी हसते, पण त्या दिवसांत हसायला सवड नव्हती.

सोलापुरात मिलच्या मागच्या चाळीत आमची एक खोली होती. चुलीपुढं आम्ही तिघी. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, थोरली जाऊ रखमाक्का आणि मी. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि चुलीभोवती उभी करून पापडासारखी वाळवायची. पंधरा दिवस टिकते. मिलमधले गडी गावाकडं जाताना गठ्ठेच्या गठ्ठे न्यायचे.

•

आत्याबाईंना कुणाला 'न्हाय' म्हणताच यायचं नाही. एकदा परत पाठवलेलं गिऱ्हाईक कायमचं जातं, ही त्यांची धास्ती. एकदा एक माणूस दारातून काहीतरी ओरडला. आत्याबाई भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "व्हय व्हय, उद्या घेऊन जा!"

तो गेल्यावर आमच्याकडं वळल्या, "काय म्हणाला गं त्यो?"

•

एक तरणा गडी गठ्ठा परत घेऊन आला. आम्ही घाईत भाकऱ्या अर्ध्या ओल्याच बांधल्या होत्या.

"आजी, भाकरीला बुरशी आली! मिशा फुटल्यात नुसत्या!"

आत्याबाईंनी त्याच्या गुळगुळीत तोंडाकडं बघितलं. "तुज्या आधी फुटल्या म्हणून राग आला व्हय रं?"

गडी हसत गेला. आत्याबाई मात्र दार लोटून तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या. "ह्यो चाळभर सांगंल," एवढंच म्हणाल्या. झालं, गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं दुसऱ्या दिवसापासून काम आणखी वाढवलं!

•

भर दुपारी मी पाण्याची घागर घेऊन आत आले. रखमाक्का थापत होती. थप थप थप, हात अगदी तालात. जवळ जाऊन बघते तर परातीत पीठच नाही! डोळे उघडे, पण बाई झोपेत!

"अक्का!" मी ओरडले.

"झाली गं झाली," ती म्हणाली, "तेवढी तव्यावर टाक."

माझ्या हातातली घागर निसटली.

•

त्यानंतर आठच दिवसांनी रखमाक्का चुलीकडं कलंडली. मी अंबाडा धरून मागं ओढली म्हणून वाचली. पदर पेटला होता, तो आत्याबाईंनी नुसत्या हातांनी विझवला. शुद्धीवर आल्यावर रखमाक्काचे पहिले शब्द कोणते असावेत? "करपली का गं?"

मी थोबाडीत देणार होते! जाऊ थोरली, म्हणून हात आवरला.

वैद्य आले, नाडी बघितली. "हिला पुन्हा विस्तवापुढं बसवलं, तर मला बोलावू नका."

आत्याबाईंनी विचारलं, "मग कुणाला बोलवायचं?"

वैद्यांनी पिशवी उचलली. चपला घातल्या आणि निघाले. आत्याबाईंना कुणी गप्प केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

•

मग मी कायदा केला. होय, मीच, धाकटीनं! रखमाक्का फक्त वाळलेल्या भाकऱ्या बांधणार. आत्याबाई आणि मी पाळीपाळीनं भाजणार, जिची पाळी नाही तिनं आडवं व्हायचं. सोमवारी चूल गार.

पहिल्या दिवशी आत्याबाई आडव्या झाल्या त्या उलथणं हातात धरून!

"डोळं मिटा की," मी म्हटलं. "ह्ये पण कामच हाय."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं विचारलं, "किती करायचं आजून?"

•

आणि मग आला मुकादम. माझा नवरा आणि दीर मिलमध्ये त्याच्याच हाताखाली. त्याच्या मनात आलं की उद्यापासून दोघं घरी! त्याच्या गावची जत्रा होती. दारातूनच म्हणाला, "परवापर्यंत दोनशे भाकरी पायजे. तिघी बसा."

रखमाक्का उठून पिठाच्या डब्याकडं निघालीसुद्धा.

आत्याबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. "चूल पेटायची न्हाय, मुकादम. आमाला सुतक हाय."

मुकादमानं वहाणा काढल्या, उंबऱ्याशी उकिडवा बसला, आवाज उतरवला. "कोण गेलं?"

"आजून कोन न्हाय. तुमच्या भाकरी केल्या तर ही जाईल. मागनं आमाला पाळायला येळ मिळत न्हाय, म्हणून आदीच पाळतोय."

मुकादम रखमाक्काकडं बघत राहिला. मग उठला, वहाणा पायात सरकवल्या आणि गेला.

सकाळी दोघे भाऊ मिलला गेले ते माना खाली घालून. आम्ही तिघी गार चुलीपुढं बसून त्यांच्या परतण्याची वाट बघत होतो. आत्ता येतील, हाकलून दिलं म्हणून सांगतील.

दुपारपर्यंत दोघं काही परतले नाहीत; दारात उभी राहिली ती मुकादमाची बायको. डोक्यावर झाकलेली पाटी. सुतकाच्या घरी शेजारणी आणतात तसं पिठलं-भाकरी घेऊन आली होती. पाटी खाली ठेवली तेव्हा दिसलं, दोन्ही मनगटांवर ताजे भाजल्याचे डाग. त्या दोनशे भाकरी आता हिच्या एकटीच्या चुलीवर आल्या होत्या. कुणाला काही विचारलं नाही. सरळ रखमाक्काच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं हंबरडा फोडला!

रखमाक्का आधी दचकली. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी, ताई, उगी. मी हाय की आजून."