हजेरीपटावरचा येडू

१९२९ साली मंगळवेढ्याजवळच्या एका जत्रेत येडूनं धावण्याची शर्यत मारली. मेंढरांमागं वाढलेला, वीस वर्षांचा गडी. सोलापुरातल्या एका खाजगी हायस्कूलचे ड्रिलमास्तर तिथं आले होते. म्हणाले, "आमच्याकडं चल. जेवणखाण फुकट, लिहा-वाचायलाही शिकवू."

वाचायला मिळणार म्हणून येडू निघाला.

हजेरीपटावर त्याचं वय सतरा लागलं, वर्ग इंग्रजी चौथी, म्हणजे आजची आठवी. पोराला क, ख येत नव्हतं! पहिल्या आठवड्यातच मास्तरांनी त्याला वर्गातून उठवून मैदानावर रोलर ओढायला लावलं. पुढं तेच चाललं. तीन वर्षं तो शाळेसाठी पळाला, पुण्याहून मैलाच्या शर्यतीची ढाल आणली. "शिकवणार कवा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एवढे सामने होऊ देत."

तिसऱ्या हिवाळ्यात सराव करताना घोटा मोडला. पंधरा दिवसांत नाव कमी झालं.

तो लंगडत हेडमास्तरांकडं गेला. "पळायचं ऱ्हाऊ द्या. तीन म्हैनं वाचायला शिकवा, मग जातो की."

"वय बसत नाही तुझं," हेडमास्तर म्हणाले.

"अन् पळताना कसं बसत हुतं?"

शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं.

बक्षीस समारंभाला मंडप भरला होता. शाळेचे चिटणीस ढालीचं कौतुक सांगत असताना येडू सरळ व्यासपीठावर चढला. ढालीबरोबर मिळालेलं प्रशस्तिपत्र खिशातून काढून त्यानं चिटणिसांपुढं आपटलं.

"ह्यात काय लिवलंय, वाचा. मला येत न्हाय. तुमच्या शाळंत तीन वर्सं हुतो, तरी येत न्हाय!"

चिटणिसांनी मान खाली घातली. मग चौघांनी त्याला उचलून फाटकाबाहेर टाकलं. ड्रिलमास्तर त्या चौघांत होते, हे येडू कधीच विसरला नाही.

तो गावी परतला नाही. गिरणीत लागला, शुक्रवार पेठेत खोली घेतली. शेजारच्या किराणा दुकानदार रेवणप्पांकडून दुपारच्या सुट्टीत अक्षरं शिकला. वर्ष लागलं. वाचता आलं तेव्हा आनंद झाला का, असं रेवणप्पांनी विचारलं. "राग आला," तो म्हणाला. "एवढंच हुतं व्हय? एका वर्साचं काम, अन् तीन वर्सं मला रोलरला जुपलं."

पुढं त्याची मुलगी मायाक्का शाळेत जाऊ लागली. रोज संध्याकाळी तो विचारी, "आज काय शिकवलं?" पोरीनं "काय न्हाय" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी येडू दारात उभा. मास्तर त्याला टरकून असत. पेठेत लोक म्हणत, लई रागीट माणूस. येडूनं ते कधी नाकारलं नाही.