बेचाळिसावं बूच

वर्लीन टटल रॉकेट तपासायची. रॉकेटं उडतात त्या आमच्या टायटसव्हिल गावात यात मिरवण्यासारखं काही नाही. इथे केस कापणारासुद्धा इंधनाच्या टाकीवर मत देतो. पण वर्लीनकडे तपासनिसाचा शिक्का होता, सत्तावीस वर्षं. शिक्का म्हणजे ‘हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’. तो काढून घेतला की या किनाऱ्यावर कुणी दारात उभं करत नाही. मीही तिच्या शेजारच्या टेबलावर शिक्केच मारतो, म्हणून ठाऊक आहे.

रॉकेट वर जाताना आतली हवा सुटावी म्हणून त्याच्या अंगाला भोकं ठेवतात. जमिनीवर असेपर्यंत त्यांत बुचं, नाहीतर कुंभारीण माश्या घर करतात. प्रत्येक बुचाला एक लाल पट्टी. उड्डाणाआधी बुचं काढायची, पट्ट्या फळ्यावरच्या बेचाळीस खिळ्यांना टांगायच्या. एकही खिळा रिकामा दिसला तर उड्डाण थांबवायचं.

या पट्ट्यांचं पाहुण्यांना भलतं वेड. उड्डाण झालं की त्या वाटतात. कुणी गाडीच्या किल्लीला लावतो, कुणी कुत्र्याच्या गळ्यात बांधतो. आमच्या कंपनीचे उपाध्यक्ष प्रेस्टन कोल्डवेल यांना उड्डाणापर्यंतही धीर निघाला नाही. आदल्या दुपारी त्यांनी एका बड्या गुंतवणूकदाराला रॉकेटशेजारच्या मनोऱ्यावर फिरवलं आणि एक पट्टी कात्रीने कापून त्याच्या खिशात घातली. बूच राहिलं भोकातच, रॉकेटइतकंच पांढरं.

सकाळी एक खिळा रिकामा. वर्लीनने काम थांबवलं. लगेच प्रेस्टनचा फोन.

“ती पट्टी मी पाहुण्यांना दिली, वर्लीन. मोजणीत धरून टाक.”

“आणि बूच?”

“त्याच्याबरोबरच निघालं असणार. मनोरा रिकामा करायला बारा मिनिटं उरलीत.”

तिने वहीत लिहिलं: एक्केचाळीस पाहिल्या, एक प्रेस्टनच्या शब्दावर. आणि शिक्का मारला. चूक तिचीच, हे ती आजही लपवत नाही.

उडाल्यावर सत्तर सेकंदांनी रॉकेट फुटलं. मग बसली चौकशी समिती. एकोणीस इंजिनिअर, तीन महिने, आणि भिंतभर कागदावर संशयितांची यादी: वीज, हेलियम, जोडकाम, पेलिकन पक्षी. पेलिकनलाच दोन आठवडे दिले. वर्लीनची वही मात्र कुणी वाचली नाही, कारण ती हाताने लिहिलेली. संगणकात नाही ते घडलंच नाही. शेवटी तिनेच ती नेऊन समोर ठेवली. समितीच्या अध्यक्षांनी पानं चाळली आणि अक्षराचं कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात समुद्रात उतरलेल्या पाणबुड्यांनी रॉकेटच्या पत्र्याचा तुकडा वर आणला. भोकात बूच, बुचाला पट्टीचं बोटभर टोक, कात्रीने सरळ कापलेलं. आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. समितीने लिहिलं: पट्टी वाऱ्याने तुटली. उपाय: यापुढे पट्ट्या अधिक मजबूत कापडाच्या कराव्यात.

आता या निष्कर्षाखाली तपासनिसाचा शिक्का हवा होता. प्रेस्टन स्वतः आले, डोनटचा खोका घेऊन. वर्लीनला म्हणाले, तू मारलास तर सगळं वाऱ्यावर जाईल. नाही मारलास तर समितीला ‘न बघता शिक्का मारणारी’ शोधावी लागेल. अगदी मायेने बोलत होते. सापसुद्धा इतक्या मायेने बघत नसेल.

वर्लीनने खोका बाजूला सारला. “जन्मात एकदा न बघता शिक्का मारला, प्रेस्टन, तुमच्या शब्दावर. आज तर मी बघितलंय. हे कात्रीने कापलंय.”

“नीट विचार कर.”

“केला,” म्हणून तिने शिक्का खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. शुक्रवारी ती गेली. आता नदीकाठच्या दुकानात गळाला लावायची कोळंबी विकते. माझा फार जीव तुटला.

अहवाल सोमवारी निघाला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. शेवटच्या पानावर ‘अवशेष प्रत्यक्ष पाहिले; पट्टी वाऱ्याने तुटलेली आहे’ या ओळीखाली शिक्का आहे, तो माझा. मला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तुकडा वर आणला तेव्हा मी वर्लीनच्या शेजारीच उभा होतो, आणि ते कापलेलं टोक तिला आधी मीच दाखवलं होतं.