ऊन एका गालावर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक पंक्चर. संध्याकाळी अंगणात घमेलं भरून पाणी घेतलं. मी सायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली, हवा भरली आणि ही घमेल्याशी बसून ट्यूब पाण्यात फिरवायला लागली. बुडबुडा नेहमी तिलाच आधी दिसायचा. मला घाई असायची. ती वीत-वीत सरकवत जायची.

"हा बघा," म्हणाली आणि बोटानं दाबून धरलं.

मी पॉलिशच्या कागदानं घासलं, सोल्युशन लावलं. ते सुकेपर्यंत ती म्हणाली, "तळ्यात गेल्यावर ऊन एका गालावर ठेवा. जाताना उजव्या, येताना डाव्या. मधीच गाल बदलला की समजायचं, तुम्ही फिरून राह्यले."

"तू समोर उभी राहणार हैस ना? मंग ऊन कशाला पाहिजे?"

"ढग आले तर मी हाय. मी न्हाई दिसले तर ऊन. दोन्ही ध्यानात ठेवा."

"ठिगळ दाब," मी म्हणालो.

तिनं अंगठ्यानं ठिगळ दाबलं. मंग उठून भाकरी टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वारली.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळं जसं बोलतो तसंच लिहितो. माझा धंदा फेरीचा. जुन्या जालन्यातल्या घाऊक दुकानातून पातळं, परकर उचलायचे, गठुडं कॅरियरला आवळायचं आणि गावं धरायची. राजूर, केदारखेडा, तिकडून आडवाटेनं परत. आष्टीकडं जायचं तर एसटीच्या टपावर सायकल टाकायची. आष्टीच्या पुढं, गोदावरीच्या काठाला हिचं माहेर.

हे पोहण्याचं सुरू झालं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. एक दिवस मी मिस्त्रीकडं चाक सरळ करायला बसलो होतो. मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाचा सायकलवाला, घरी उर्दू बोलायचा, माझ्याशी अर्धी मराठी. तिथं एक डॉक्टर आपली गिअरची सायकल घेऊन आल्ता. तो सांगत होता की शहरातले काही जण मिळून ट्रायथलॉन ठेवणार आहेत. आधी तळ्यात दोन किलोमीटर पोहायचं, मंग नव्वद किलोमीटर सायकल, मंग एकवीस पळायचं. सगळं एकाच दिवशी.

"टायर-थलान?" मिस्त्री म्हणाला. "टायरका काम रहा तो मैं बी आता."

डॉक्टर हसला. मिस्त्रीनं माझ्याकडं पान्हा केला. "इसका नाम लिखो साब. सायकल तो रोजच चलाता. आणि गावातलं कुत्रं लागलं की पळतो बी बराबर."

"पोहता येतं का?" डॉक्टरनं विचारलं.

मी चाकाकडं बघत राहिलो. माझा मोठा भाऊ विहिरीत बुडाला तेव्हा मी वरती उभा होतो. लहान होतो. वर आलेला त्याचा हात मी पाहिला आणि मंग तोही दिसला नाही. तेव्हापासून मी विहिरीत वाकून बघितलेलं नव्हतं. बादलीतलं पाणीसुद्धा मी डोळे उघडे ठेवून अंगावर घ्यायचो.

घरी आल्यावर मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. हिनं पीठ मळायचं थांबवलं.

"नाव द्या."

"आन् पाण्याचं?"

"पाण्याचं मी बघते."

लग्नाआधी ही पोरगी पूर नसला की गोदावरी आरपार करायची, असं तिचा भाऊ सांगायचा. मी त्यातलं निम्मंच खरं धरायचो. लग्न होऊन जालन्यात आली आणि तिच्या वाट्याला पाणी आलं ते टँकरचं, हंड्यात मावेल तेवढं. जालन्यात बायका पाण्यासाठी भांडायच्या, पोहायचं कोण बोलतंय.

माझ्या मावसभावाचं रान शहराबाहेर होतं. तिथं पायऱ्यांची विहीर होती. फेरीवर निघायच्या आधी आम्ही तिकडं जायला लागलो. हिनं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला, कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि कासऱ्याचं दुसरं टोक हातात घेऊन काठावर बसली. मी शेवटच्या पायरीवर उभा. दात वाजत होते. उन्हाळा होता.

मावसभाऊ बिडी ओढत आला. "काय वहिनी, बैल पाण्यावर आणला वाटतं."

"बैल बरा," ही म्हणाली. "बैलाला पोहता येतं."

पहिले कित्येक दिवस मी पायरी सोडलीच नाही. मंग एक दिवस हिनं काष्टा खोचला आणि कासरा खांद्यावर घेऊन स्वतःच पाण्यात उतरली. एका दमात पलीकडच्या दगडाला हात लावून परत आली. कपाळाचं कुंकू गळून नाकावर आल्तं. हसत होती. "या आता," म्हणाली. मी गेलो. बुडलो, नाकातोंडात पाणी गेलं, भावाचा हात आठवला, तिनं कासरा ओढला. असं रोज. महिनाभरानं डबा सुटला. मंग मी विहिरीत फेऱ्या मारायला लागलो, कडेकडेनं, गोल. भीती गेली नव्हती. पण दगड तीन हातावर असायचा आणि कासरा तिच्या हातात असायचा, तेवढ्यावर मी तरंगायचो.

तळ्यावर गेलो तेव्हा खरी गंमत झाली. मी जोर लावून हात मारले, मला वाटलं अर्धं तळं पार केलं असेल. डोकं वर काढलं तर ही समोरच, त्याच खडकावर, तोंडाला पदर लावून हसत होती. मी गोल फिरून परत आल्तो. पुन्हा गेलो, पुन्हा तसंच. विहिरीत आठ-दहा हात मारले की भिंत येते, म्हणून अंग आपोआप वळतं. माझ्या अंगाला वळणच ते लागलं होतं. तळ्यात भिंत नव्हती, तरी अंग वळत होतं.

ती बांधावरून चालत पलीकडं गेली. "माझ्याकडं बघत या," तिकडून ओरडली. मी तिच्याकडं बघत गेलो आणि पोचलो.

तेव्हा ठरलं, स्पर्धेच्या दिवशी तिनं पलीकडं उभं राहायचं. पण लांबून दिसायला पाहिजे. फेरीवाल्याची बायको, न विकलेलं नेसायची, विटके रंग सगळे तिच्याच अंगावर. या वेळी तिनं गठुड्यातून एक पिवळंजर्द पातळ निवडलं आणि फळीवर वेगळं ठेवलं. "हे विकू नका," म्हणाली.

पंक्चरच्या दुसऱ्या दिवशी मी केदारखेड्याला होतो. एका ओट्यावर परकर पसरून बसलो होतो. मावसभाऊ स्कूटरवर आला. "वहिनीची तब्येत बिघडली, चला." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सायकल तिथंच चहाच्या टपरीमागं लावली. रस्ताभर मी त्याला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

भाकरी थापता थापता छातीत कळ आली आणि ती तव्याशेजारीच पडली, असं शेजारणीनं सांगितलं. मी पोचलो तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली होती. सवाष्ण गेली, नवं पातळ पाहिजे, माहेरची माणसं पोचायला वेळ. फळीवर एक नवंकोरं वेगळं ठेवलेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते तिला नेसवलं. पिवळं होतं, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होतं.

तेरावा झाल्यावर सायकल आणायला केदारखेड्याला गेलो. वाटलं होतं, चाक बसलेलं असेल. मागच्या चाकाला अंगठा लावला. कडक होतं. तिनं दाबलेल्या ठिगळातून जरासुद्धा हवा गेली नव्हती. मी तिथंच टपरीमागं खाली बसलो. टपरीवाल्यानं न मागता चहा आणून दिला. मंग सायकलवर बसलो आणि जालन्याला आलो, आणि वाटेत कधीतरी ठरवून टाकलं की नाव कापायचं नाही.

मुलगी औरंगाबादला दिलेली. तिनं हे फोनवर ऐकलं. मंग म्हणाली, "अप्पा, आई गेली. आता तुम्हीबी पाण्यात जाऊन बसता का?"

"तुझ्या आईनंच नाव दिलं."

"तवा आई होती धरायला. आता कोण हाय?"

विहिरीवर मी गेलोच नाही. मावसभाऊ म्हणाला, कासरा मी धरतो. मी म्हणालो, "नको, तू बिडी पेटवायला सोडशील." खरं म्हणजे मला विहिरीत वाकून बघायची पुन्हा भीती वाटायला लागली होती. सायकल चालवली, पळालो. गल्लीत लोक म्हणायचे, बायको जाऊन दोन महिने झाले न्हाई तर म्हातारा चड्डी घालून पळून राह्यला. म्हणू दिलं.

स्पर्धेच्या सकाळी तळ्यावर वीसेक जण होते. सगळी पोरं, डॉक्टर, कॉलेजवाले. मिस्त्री माझी सायकल घेऊन काठाला बसला होता. "डर लग रहा?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "मेरेकू बी," तो म्हणाला. "और मैं तो पानी में जाताच नही."

पलीकडच्या काठाला निळं पिंप तरंगत सोडलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. मला पिंप दिसत नव्हतं. मी पिवळा रंग शोधत होतो. नाही हे माहीत होतं तरी शोधत होतो.

शिट्टी झाली. पोरं मासळीसारखी गेली. मी छातीइतक्या पाण्यात उभाच. पायाखाली चिखल होता आणि पुढं चिखलही नव्हता. मंग मी पाय उचलला.

थोडा वेळ बरं चाललं. मंग पायाला काहीतरी गार लागलं, बहुतेक शेवाळ. मला वाटलं, हात आहे. भावाचा. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. तोंडात पाणी गेलं. हात वेडेवाकडे मारत सुटलो, दगड शोधत होतो, दगड कुठं असणार. कमरेला हात गेला, कासरा नव्हता.

एक भोई, तळ्यात मासे धरणारा, ट्यूबच्या तराफ्यावर बसून लक्ष ठेवायला होता. तो जवळ आला. "काका, कुठं चाल्ले? तुम्ही माघारी चाल्ले." मी तराफ्याला धरलं. तसं धरायला परवानगी होती, पण पुढं ओढत न्यायची नव्हती. "काढू का वर?" त्यानं विचारलं. मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेव्हा डाव्या गालाला ऊन लागलेलं कळलं.

डावा. म्हणजे मी फिरलो होतो.

मी भोयाला म्हणालो, "थांब." तराफ्याला धरूनच अंग हळूहळू वळवलं. ऊन नाकावर आलं, मंग उजव्या गालावर आलं. तिथं थांबलो आणि हात सोडला.

नंतर मी काठ बघितला नाही, पिंप बघितलं नाही. गालाकडंच लक्ष ठेवलं. ऊन नाकाकडं सरकलं की अंग वळवायचो. पायाला शेवाळ लागत होतं, भीती तेवढीच होती. एकदा ढग आला. ऊन गेलं. मी हात हलवत तिथंच तरंगत राहिलो, पुढं गेलो नाही. भोई म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "उन्हाची वाट बघून राह्यलो." त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या डोक्यात पाणी गेलं. ऊन आलं, मी निघालो. पिंपाला हात लागला तेव्हा समजलं की आलो. तिथल्या काठावर खडक होता आणि त्यावर कुणी नव्हतं. मी फार वेळ तिकडं बघत राहिलो नाही. गाल बदलला.

बाहेर आलो तेव्हा सगळे सायकलवर कधीच गेल्ते. मिस्त्रीनं मला उभं केलं, टॉवेल दिला. तो रडत होता आणि शिव्या देत होता. सायकल देताना म्हणाला, "हवा बराबर हे. मी भरली न्हाई. तशीच हे."

नव्वद किलोमीटर चालवले. सगळ्यांच्या मागं. मला गठुड्याची सवय, कॅरियर रिकामं असल्यानं सायकल उगाच उड्या मारायची, म्हणून एका गावात थांबून मागं दगड बांधला. पळताना दम संपला. शेवटी चाललो. पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची कापडी पट्टी उतरवून गुंडाळून ठेवली होती. डॉक्टरनं ती पुन्हा उलगडली, दोन पोरांनी दोन टोकं धरली आणि मी तिच्याखालून गेलो. मिस्त्रीनं दुकानातून मुलीला फोन लावून दिला. मी म्हणालो, "निघालो पाण्यातून." ती म्हणाली, "जेवा काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलत नव्हते. तरी चालत मावसभावाच्या रानात गेलो. विहिरीच्या काठाला लिंबाच्या फांदीवर कासरा होता, तिनं गुंडाळून ठेवला तसाच. तो तिथंच राहू दिला. वाकून विहिरीत बघितलं. मंग पायऱ्या उतरून पाण्यात शिरलो आणि कडेकडेनं पोहलो, गोल, गोल. विहिरीत तसंच पोहावं लागतं.